कोऱ्या पाटीवरचे भाकीत

इंग्लंडच्या ग्लॉस्टरशर परगण्यात, क्लीव्ह टेकडीच्या पायथ्याशी, चेल्टनहॅम येथे दर वर्षी मार्च महिन्यात चार दिवस घोड्यांच्या शर्यतींचा उत्सव भरतो. हा उत्सव अडथळ्यांच्या शर्यतींचा. कुंपणे ओलांडत घोडे धावतात, काही पडतात, पडलेल्यांपैकी काही पुन्हा उठत नाहीत. या उत्सवाच्या दुसऱ्या दिवसाच्या अखेरीस मात्र एक शर्यत अशी होते की जिच्यात एकही अडथळा नसतो. चार ते सहा वर्षे वयाचे घोडे दोन मैलांहून किंचित अधिक अंतर सपाट हिरवळीवर धावतात आणि शर्यत संपते. हीच चॅम्पियन बंपर. १९९२ साली ती प्रथम झाली. २००१ साली लाळ्या-खुरकताच्या साथीमुळे सारा उत्सवच रद्द करावा लागला. ते वर्ष सोडल्यास तिच्यात खंड पडलेला नाही.

अडथळ्यांच्या शर्यतींसाठी पैदा केलेल्या तरुण घोड्यांना उडी घ्यायला लावण्यापूर्वी घोळक्यात धावण्याची सवय व्हावी, एवढाच अशा शर्यतींचा मूळ हेतू. आयर्लंडमध्ये त्या रूढ झाल्या आणि तेथे त्या हौशी स्वारांसाठी असत. म्हणजे ही वस्तुतः शाळेतली तालीम. तिला उत्सवात मानाचे पान मिळाले, पहिल्या श्रेणीचा दर्जा मिळाला आणि त्याबरोबरच तिच्यावर लाखो पौंडांच्या पैजा लागू लागल्या. घोड्यांनी जन्मात एकदा, फार तर दोनतीनदा धाव घेतलेली असते. त्यांची पाटी कोरी असते. ही कोरी पाटी वाचून दाखवण्याचा एक मोठा धंदा ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये दर वर्षी जानेवारीपासून तेजीत येतो. वर्तमानपत्रांची पाने भरतात, टिपा देणारे टिपा देतात, दूरचित्रवाणीवर माजी जॉकी मान डोलावतात. या साऱ्या खटाटोपाला ‘अभ्यास’ असे नाव आहे. महाराष्ट्रातल्या कार्यकर्त्याने या परक्या मुलखातल्या अभ्यासाची दखल घ्यावी याला कारण आहे. याच अभ्यासाच्या आधारावर भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवरील पैजांना जुगाराच्या व्याख्येतून सोडवले आहे. त्याकडे वळण्यापूर्वी हा अभ्यास कशाचा असतो ते पाहिले पाहिजे.

पहिले साधन म्हणजे वंश. घोडीच्या पोटी घोडाच जन्मतो, पण धावणाऱ्या घोडीच्या पोटी धावणारा घोडा जन्मेलच असे नाही. २०२२ साली फसिल व्हेगा जिंकला. त्याची आई क्वेव्हेगा हिने याच चेल्टनहॅमला घोड्यांच्या खास शर्यतीत, म्हणजे घोडींच्या शर्यतीत, सलग सहा वर्षे बाजी मारली होती. त्या वेळी वंशाच्या अभ्यासकांनी आपली पाठ थोपटून घेतली. नामांकित घोडींची जी इतर पिल्ले त्याच काळात कुठल्याशा मैदानावर मागे रेंगाळत होती, त्यांचा हिशेब कोणी मांडला नाही.

दुसरे साधन म्हणजे पूर्वीच्या एकुलत्या एका शर्यतीतला विजय. किती अंतराने जिंकला, जिंकताना दमला होता काय, शेवटच्या टप्प्यात वेग किती होता. पण कोणाला हरवून जिंकला? ज्यांना हरवले ते घोडेही तितकेच अपरिचित. एका अज्ञाताने दुसऱ्या अज्ञाताला दहा लांबींनी हरवले, यावरून पहिल्याचे मोल ठरवणे म्हणजे हवेला हवेने मापणे होय. २००९ साली डंगिब नावाच्या घोड्याने ही शर्यत इतक्या सहजपणे जिंकली की पुढल्या दशकाचा महान घोडा गवसला असे लिहिले गेले. १८ सामन्यांचा अनुभव असलेल्या खेळाडूविषयीही कोणी इतक्या खात्रीने लिहीत नाही. पुढच्याच वर्षी, २०१० साली, त्याच मैदानावर अडथळ्यांच्या शर्यतीत तो हुकमी म्हणून उतरला. एक पौंड मिळवायचा तर एकाहून अधिक पौंड लावावा लागेल असा त्याचा भाव होता. तो तिसरा आला. त्याच उत्सवातली बंपर क्यू कार्ड या चार वर्षांच्या घोड्याने जिंकली. भाव चाळीसास एक. सारे अभ्यासक त्याच्या नावावरून पुढे सरकले होते. हाच क्यू कार्ड पुढे ब्रिटनमधील नामवंत घोड्यांत गणला गेला.

तिसरे साधन अधिक बोलके आहे. ते म्हणजे घोड्याची किंमत. आयर्लंडच्या वेक्सफर्ड परगण्यात अशा घोड्यांची पारख आणि तयारी करणाऱ्या पागा आहेत. तीन वर्षांचे, पाठीवर खोगीर न पडलेले घोडे लिलावात विकत घ्यायचे, त्यांना माणसाळवायचे, शेतजमिनीवर आखलेल्या हौशी शर्यतीत एकदा धाववायचे आणि जिंकला की काही दिवसांत पुन्हा लिलावात उभा करायचा, असा हा व्यवहार. यात खरे कसब आहे आणि खरे कष्टही आहेत. पहाटेच्या चिखलात राबणाऱ्या माणसांची ती विद्या आहे; तिचा अनादर करण्याचे कारण नाही. पण या कसबाचे फळ कोणाच्या दावणीला जाते? २०१९ साली बंपर जिंकणारा एन्वॉय ॲलन असाच एका हौशी शर्यतीनंतर चार लाख पौंडांना विकला गेला होता. चार लाख पौंड देणाऱ्याने घोडा तपासला असतो, त्याचे पाय पशुवैद्याकडून बघून घेतलेले असतात, त्याची रपेट डोळ्यांनी पाहिलेली असते. दुकानात पाच पौंड लावणाऱ्याला यातले काय दिसते? फक्त चार लाखांचा आकडा. श्रीमंताने मोजलेली रक्कम हेच गरिबाचे ज्ञान ठरते. सावकाराने ज्या शेतावर कर्ज दिले ते शेत चांगलेच असणार, असे म्हणण्यासारखे हे झाले.

चौथे साधन म्हणजे पागेचे नाव, आणि येथे मक्तेदारी उघडी पडते. २०२५ पर्यंत ही शर्यत ३३ वेळा झाली. त्यांपैकी १४ वेळा विजयी घोडा एकाच ट्रेनरच्या पागेतला होता. कार्लो परगण्यातील क्लोसटन येथील विली मलिन्स हे ते ट्रेनर. १९९६ साली विदर ऑर विच या घोड्यावर ते स्वतः स्वार होऊन जिंकले होते. त्यांच्या कौशल्याविषयी वाद नाही. पण मग अभ्यासकांनी एवढेच सांगावे की मलिन्स यांच्या घोड्यावर पैसे लावा, आणि लेखणी खाली ठेवावी. ते तसे करू शकत नाहीत, कारण मलिन्स एक घोडा उतरवत नाहीत, अनेक उतरवतात. २०१८ साली त्यांच्याच पागेतील रेलिगेट ही घोडी पंचवीसास एक भावाने जिंकली. २०२१ साली लोकांनी पैसे ओतले ते मलिन्स यांच्या किलक्रूटवर; जिंकला मलिन्स यांचाच सर जेरार्ड. पागेचे काही बिघडले नाही. पागेचा घोडा पहिला आला आणि पागेचाच दुसरा. बुडाला तो दुकानातला माणूस, ज्याने पागा अचूक ओळखली पण पागेतला घोडा ओळखला नाही.

सर जेरार्डची हकिगत जाता जाता सांगण्यासारखी आहे. शर्यतीच्या काही दिवस आधीपर्यंत तो गॉर्डन एलियट यांच्या पागेत होता. मेलेल्या घोड्याच्या देहावर बसलेले एलियट असे एक छायाचित्र तेव्हा जगभर पसरले. त्यांना बारा महिन्यांची बंदी झाली, तीतील सहा महिने स्थगित होते. धनाढ्य मालकांनी आपले घोडे तेथून हलवले आणि सर जेरार्ड मलिन्स यांच्याकडे आला. वर्षभर त्या घोड्याला घासूनपुसून, खाऊपिऊ घालून तयार करणारे हात एका दुपारीत त्याच्यापासून तुटले. ज्या हातांनी छायाचित्र काढले नव्हते आणि जे छायाचित्रात नव्हते, त्यांचाही यात समावेश होता.

पाचवे साधन म्हणजे कुजबुज. अमुक घोडा सकाळच्या रपेटीत उत्तम धावला, पागेत त्याच्याविषयी मोठ्या आशा आहेत, अशी कुजबुज बाहेर येते आणि भाव खाली येतो. उरलेल्या चारही साधनांपेक्षा हे साधन अधिक खरे आहे, आणि म्हणूनच ते सर्वांत अन्यायकारक आहे. ज्ञान अस्तित्वातच नाही असे या शर्यतीबाबत म्हणता येत नाही. ज्ञान आहे. घोडा टेकडीवर चढताना श्वास कसा घेतो, ओल्या जमिनीवर पाय कसा टाकतो, गर्दीत बुजतो काय, मागच्या आठवड्यात खोकला होता काय, हे सारे ठाऊक असते. पण ते पागेच्या फाटकाआड ठाऊक असते. घोड्याची पाटी कोरी नसते, ती लोकांपुढे कोरी ठेवली जाते.

आणि फाटकाआडही हे ज्ञान प्रथम कोणाला होते? रोज पहाटे त्या घोड्यावर बसणाऱ्या, त्याचे ठाण झाडणाऱ्या, त्याच्या पायाची ऊब हाताने तपासणाऱ्या मोतद्दाराला. पागेतील सर्वांत कमी मिळकतीचा माणूस हाच. १९७५ साली न्यूमार्केटच्या पागांतील कामगारांनी संप केला तेव्हा झगडा होता तो आठवड्याला एक पौंड ४७ पेन्स वाढीचा. न्यूमार्केट हे सपाट शर्यतींचे गाव, तेथील घोड्यांच्या किमती राजेरजवाड्यांच्या, आणि संप एक पौंड ४७ पेन्सचा! ट्रान्सपोर्ट अँड जनरल वर्कर्स युनियन कामगारांच्या पाठीशी उभी होती. गिनी शर्यतींच्या दिवसांत संपकरी धावपट्टीवर उतरले, तेव्हा शर्यत पाहायला आलेली प्रतिष्ठित मंडळी त्यांच्याशी हातघाईवर आली. महिनोन्‌महिने चाललेल्या त्या लढ्याची आठवण शर्यतींच्या अभ्यासकांच्या लेखनात क्वचितच येते. घोड्याच्या आजीचे नाव त्यांना पाठ असते.

मालकाने स्वतःच्या घोड्यावर पैसे लावण्यास ब्रिटनच्या नियमांची आडकाठी नाही. आपला घोडा हरेल अशी पैज त्याने घेऊ नये, इतकेच बंधन आहे. पागेतली माहिती मोबदला घेऊन बाहेर देणे मात्र शिस्तभंग ठरते. हा नियम मालकालाही लागू आहे, असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण मालकाने माहिती विकावी कशाला? तो तिच्यावर स्वतःच पैज लावू शकतो. माहिती विकण्याची गरज ज्याला भासेल तो दुसराच कोणी असतो.

आता दुकानातल्या माणसाचा हिशेब. समजा, २० घोडे धावत आहेत आणि कोणाविषयीच काही ठाऊक नसल्याने बुकीने प्रत्येकाला सोळास एक असा भाव दिला आहे. एखाद्याने प्रत्येक घोड्यावर एक पौंड लावला तर त्याचे २० पौंड जातील. कोणीतरी जिंकणारच, त्याबद्दल १६ पौंड आणि मूळचा एक असे १७ परत येतील. तीन पौंड बुकीच्या गल्ल्यात राहिले. खरे भाव असे सारखे नसतात, पण गणिताचे मर्म हेच. घोडे जितके अधिक आणि अज्ञान जितके दाट, तितकी ही तफावत मोठी ठेवणे बुकीला सोपे जाते. त्यातून जो माणूस जानेवारीतच आगाऊ पैज लावतो, त्याचा घोडा मार्चमध्ये उतरलाच नाही तर वेगळी सवलत जाहीर झालेली नसल्यास त्याची रक्कम बुडते. घोडा हरायला निदान धावावे तरी लागते. येथे न धावताही हरता येते. तरुण घोड्याला कोठे उतरवायचे याचा निर्णय मालक आणि ट्रेनर शेवटच्या क्षणापर्यंत राखून ठेवतात. त्या निर्णयाची किंमत भरतो तो दूरचा पैजदार.

बुडालेला पैसा जातो कोठे? ब्रिटनमध्ये १९६० च्या कायद्याने पैजांची दुकाने कायदेशीर झाली, १९६१ साली ती उघडली आणि त्याच वर्षी लेव्ही बोर्ड स्थापन झाले. बुकींच्या ढोबळ नफ्याचा ठरावीक हिस्सा, आज पाच लाख पौंडांवरील नफ्याचा दहा टक्के, या बोर्डाकडे येतो आणि त्यातून शर्यतींच्या बक्षिसांना हातभार लागतो. बुकीचा नफा म्हणजे पैजदारांचे नुकसान. तेव्हा बस चालवणाऱ्याचा आणि गोदामात ओझी वाहणाऱ्याचा हरलेला पैसा चार लाखांचा घोडा बाळगणाऱ्याच्या बक्षिसात भर घालतो. संपत्तीचे फेरवाटप अशक्य आहे असे म्हणणाऱ्या अर्थशास्त्र्यांनी हा नमुना पाहावा. फक्त दिशा उलटी आहे. टोट ही पैजा स्वीकारणारी सार्वजनिक संस्था १९२८ साली कायद्याने उभी राहिली होती. सर्व पैजा एका कोठारात जमा करून त्यातूनच विजेत्यांना वाटप करायचे, अशी तिची पद्धत. २०११ साली ब्रिटिश सरकारने ती एका खाजगी बुकी कंपनीला २६.५ कोटी पौंडांना विकून टाकली.

ज्या कोऱ्या पाट्यांवर पुढे काहीच लिहिले गेले नाही, त्या घोड्यांचे काय होते हा प्रश्नही येथे पुसून टाकता येणार नाही. २०२१ साली बी.बी.सी.च्या एका शोधकार्यक्रमाने दाखवले की २०१९ पासूनच्या काळात ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये शर्यतीसाठी तयार केलेले सुमारे ४,००० घोडे कत्तलखान्यात गेले होते. त्यानंतर २०२२ पासून ब्रिटनमध्ये धावणाऱ्या घोड्याचे मांस माणसाच्या खाण्यात येणार नाही अशी नोंद सक्तीची झाली. आशादायक तरुण घोड्यांची यादी दर वर्षी छापली जाते. गेल्या पाच वर्षांच्या याद्यांतले घोडे आज कोठे आहेत, हे छापण्याची प्रथा नाही.

या टीकेवर दोन बाजूंनी हल्ला होईल. पहिला आपल्यातल्याच काहींचा: कष्टकऱ्याच्या विरंगुळ्यावर एवढा कोरडा का ओढावा? आठवडाभर राबून त्याने दोन पौंड लावले आणि दोन मिनिटे, नव्हे चार मिनिटे, आनंदात घालवली, तर समाजवाद्याला पोटशूळ का? पोटशूळ विरंगुळ्याचा नाही. नशिबाचा खेळ नशिबाचा म्हणून खेळणाऱ्याची फसवणूक होत नाही. मटक्याचा आकडा लावणारा स्वप्नात साप दिसला म्हणून आकडा निवडतो, पण आपण सापाचा अभ्यास केला असे तो सांगत नाही. बंपरवर पैसे लावणाऱ्याला मात्र पटवले जाते की हरलास तो तुझ्या अभ्यासाच्या उणिवेने. पुढच्या वेळी अधिक वाच, अधिक टिपा विकत घे. परीक्षेत बसवायचे, पुस्तक कपाटात बंद ठेवायचे आणि नापासाचा दोष विद्यार्थ्याला द्यायचा, असा हा प्रकार आहे.

दुसरा हल्ला नीतिवाद्यांचा: जुगार हे पाप, तो बंद करा. बंदीने पैजा थांबत नाहीत, त्या गल्लीत जातात, आणि हप्ता घेणारा नवा मालक तयार होतो. मुंबईने हे पुरेसे अनुभवले आहे.

आता भारताकडे. तामिळनाडू सरकारने १९७४ साली शर्यतींवरील पैजा बंद करणारा कायदा केला आणि १९८६ साली मद्रास रेस क्लब ताब्यात घेण्याचा कायदा केला. १९९६ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने डॉ. के. आर. लक्ष्मणन यांच्या खटल्यात १९८६ चा कायदा रद्द ठरवला आणि घोड्यांची शर्यत हा प्राधान्याने कौशल्याचा खेळ आहे असा निर्वाळा दिला. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे की घोड्याची तंदुरुस्ती, त्याची अंगभूत क्षमता, जॉकीचे कसब, पाठीवरचे वजन आणि शर्यतीचे अंतर या वस्तुनिष्ठ गोष्टी आहेत आणि पैज लावणाऱ्याला त्यांचा अंदाज घेता येतो. अनेकदा धावलेल्या घोड्यांपुरते हे अंशतः मान्य करता येईल. पण हा मापदंड तरुण घोड्याला लावून पाहावा. बंपरमध्ये वय आणि घोडी यांची ठरावीक सूट वगळता वजन सर्वांना सारखे. अंतर सर्वांना एकच. जॉकी कोण हे पागा ठरवते, आणि अनेक घोडे उतरवणाऱ्या पागेचा पहिला जॉकीही चुकीचा घोडा निवडू शकतो. उरल्या दोन गोष्टी: तंदुरुस्ती आणि अंगभूत क्षमता. नेमक्या याच दोन पैजदारापासून लपलेल्या असतात.

महालक्ष्मीच्या मैदानावरही पहिल्यांदाच धावणाऱ्या घोड्यांच्या शर्यती होतात. न्यायाने एक गोष्ट नोंदवली पाहिजे. येथील घोडे मैदानावरच सराव करतात, त्यामुळे त्यांच्या सकाळच्या रपेटींच्या वेळा घड्याळ लावून टिपल्या जातात आणि छापल्याही जातात. क्लोसटनच्या खाजगी टेकडीपेक्षा हे बरे. यावरून एवढे तर सिद्ध होते की पागेतले ज्ञान बाहेर आणल्याने शर्यत बंद पडत नाही. मग घोड्याचा वैद्यकीय इतिहास, त्याची लिलावातली किंमत, त्याच्यावर मालकाने लावलेली रक्कम, हेही शर्यतीपूर्वी जाहीर का होऊ नये? मोतद्दारांचे वेतन आणि आजारपणाची तरतूद परवान्याच्या अटीत का असू नये? मुंबईत शर्यतींचा परवाना १९१२ च्या कायद्याखाली राज्य सरकार देते. महालक्ष्मीची जमीन सरकारची आणि महापालिकेची आहे. तिचा जुना भाडेपट्टा २०१३ साली संपला. अटी घालण्याचा अधिकार सरकारपाशी पुरेपूर आहे.

२०२५ साली संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, तेव्हा कौशल्य की नशीब हा भेद तिने बाजूला सारला. मैदानावरच्या पैजेला मात्र १९९६ चे छत्र आहे आणि त्याहून जुने एक छत्रही आहे. मुंबईचा जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा. परवाना असलेल्या मैदानावर घोड्यांवर लावलेली पैज त्याच्या व्याख्येतून वगळलेली आहे. महालक्ष्मीच्या कुंपणाबाहेर, लोअर परळच्या एखाद्या गल्लीत आकडे लिहून घेणारा पोरगा त्याच कायद्याखाली पकडला जातो.